बोली दुसऱ्याच्या आयडीवर, पैसे मात्र तुमचे

पत्र: मी घणसोलीत राहतो, महापेच्या एका कंपनीत नोकरी करतो. वय ३६. घरी आई-वडील, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. रोजच्या वापराला बलेनो आहेच, पण कॉलेजपासून दोन सीटची, छत उघडणारी गाडी घ्यायची फार इच्छा आहे. तुर्भ्यातला एक ओळखीचा एजंट म्हणतो की फक्त डीलर लोकांसाठी असलेल्या ऑनलाइन लिलावात २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड४ (३५आय) आली आहे. दिल्ली पासिंग, ४१ हजार किलोमीटर. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बाजारात अशी गाडी २२ लाखांच्या खाली मिळत नाही आणि तो स्वतःच्या आयडीवरून साडेचौदाला काढून देईल. त्याचं कमिशन ५० हजार. टोकन दोन लाख रोख, बाकी गाडी आल्यावर. माझ्याकडे आठ लाख आहेत, उरलेल्यासाठी पर्सनल लोन घेईन. वडिलांना हे अजिबात पटलेलं नाही. पत्नी म्हणते, घे, पण गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय पैसे सोडू नकोस. लिलाव रविवारी रात्री संपतो. गाडीचे फोटो आणि तपासणीचा रिपोर्ट सोबत जोडला आहे. काय करू?

उत्तर:

नमस्कार,

रविवारची बोली सोडून द्या. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती कशी आहे हे तुम्हाला, मला आणि बहुधा तुमच्या एजंटलाही माहीत नाही. पण तिच्यापर्यंत जायचा जो रस्ता तुम्हाला दाखवलाय, त्यात जोखीम सगळी तुमच्या पदरात पडते आणि हक्क एकही पडत नाही. 'डीलर ऑक्शनमधून काढून देतो' हे वाक्य हल्ली ठाण्यापासून पनवेलपर्यंत बऱ्याच जणांच्या कानावर पडतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या लिलावात नेमकं काय होतं ते आधी बघा. दिल्लीतल्या मालकाने गाडी विकायला काढली की लिलाव चालवणाऱ्या कंपनीचा माणूस त्याच्या दारात जातो. फोटो काढतो, पत्रा, काचा, टायर बघतो, इंजिन चालू करून आवाजाचा व्हिडिओ घेतो आणि ठरलेला फॉर्म भरून रिपोर्ट बनवतो. तो रिपोर्ट डीलरांच्या ॲपवर चढतो आणि ठिकठिकाणचे डीलर गाडी डोळ्यांनी न बघता बोली लावतात. स्विफ्ट, सिटी, क्रेटा अशा गाड्यांसाठी ही पद्धत छान चालते. डीलर महिन्याला ढिगाने गाड्या उचलतो. चार गाड्यांत कमावतो, एकीत मार खातो. त्याचा डेंटर, पेंटर, मेकॅनिक ठरलेला असतो. तुम्हाला ज्या कामाला ४० हजार लागतील ते त्याला निम्म्यात पडतं. लिलावातला भाव कमी असतो तो एवढ्यासाठी: न बघता घेण्याची जोखीम तो उचलतो. तुम्ही आयुष्यात अशी एकच गाडी घेणार आहात. ती बिघडलेली निघाली तर नुकसान भरून काढायला तुमच्याकडे दुसऱ्या चार गाड्या नाहीत.

अमेरिकेतल्या डीलर लिलावांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तिथली मॅनहाइम ही कंपनी १९४५ पासून हे काम करते आणि तिथेही दार फक्त परवानाधारक डीलरसाठी उघडतं. गाडी लेनमध्ये आली की वर दिवा लागतो. हिरवा दिवा म्हणजे विकणारा गाडीच्या मुख्य भागांची हमी घेतोय, पिवळा म्हणजे काही गोष्टी जाहीर केल्या आहेत त्या ऐकून घ्या, लाल म्हणजे आहे तशी उचला. हिरव्या दिव्याची गाडी सदोष निघाली तर लवादाकडे तक्रार करायची सोय आहे, पण मोजक्या दिवसांत आणि डीलरलाच. आपल्याकडच्या ॲपवरही ज्याच्या आयडीवर बोली लागली तोच त्यांचा ग्राहक. रिपोर्ट खोटा निघाला तर कंपनीशी भांडायचा अधिकार तुमच्या एजंटचा. तो भांडेल का? त्याला कमिशन मिळालेलं असेल आणि पुढच्या महिन्यात त्याच कंपनीकडून त्याला आणखी गाड्या घ्यायच्या असतील.

(जपानच्या लिलावातून गाडी मागवून देणारेही भेटतात. तिकडे वळू नका. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आयात करायला आपल्याकडे परवानगीच नाही, आणि नव्यावर जी जकात बसते ती पाहून स्वप्नच संपतं.)

आता तुमचा रिपोर्ट. मी तो फोटोंसकट दोनदा वाचला. दोन गोष्टी तुम्हीही उघडून बघा.

पहिली छताची. झेड४ चं छत धातूचं आहे. बटण दाबलं की हायड्रॉलिक पंपावर त्याची घडी होते आणि ते डिकीत जातं. गाडीचा जीव त्यात आहे आणि मोठा खर्चही. रिपोर्टमध्ये छताबद्दल एवढंच आहे: 'सनरूफ – लागू नाही'. म्हणजे तपासणाऱ्याच्या फॉर्ममध्ये उघडणाऱ्या छताला रकानाच नव्हता. त्याने ते उघडून पाहिलंच नसणार. एकाही फोटोत गाडीचं छत उघडं नाही. ज्या गोष्टीसाठी तुम्ही ही गाडी घेताय, तीच कुणी तपासलेली नाही.

दुसरी टायरची. फोटो क्रमांक २७ मोठा करून बघा. मागच्या टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत ०८१३ असे आकडे आहेत. म्हणजे टायर २०१३ च्या आठव्या आठवड्यात बनलाय. पुढच्या टायरवर ३४२१, म्हणजे २०२१. ही मागच्या चाकांवर चालणारी, तीनशेहून जास्त हॉर्सपॉवरची गाडी आहे. अशा गाडीचे मागचे टायर आधी झिजतात, पुढचे नंतर. इथे मागचे जुने आणि पुढचे तेवढे अलीकडे बदललेले. याला दोन-तीन कारणं असू शकतात आणि त्यातलं एक म्हणजे पुढच्या बाजूला गाडी कुठेतरी चांगलीच आपटली होती. दुसरं, गाडी वर्षानुवर्षं उभी होती. उभी राहिलेली गाडी कमी किलोमीटर दाखवते, पण तिची रबरं, सील, होजपाइप आणि इंधनाची लाइन खराब होत राहते. दोन्हीपैकी काहीही असो, दहा वर्षांहून जुन्या टायरवर ही गाडी कुणी चालवू नये. चारही टायर रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) आहेत आणि गाडीत स्टेपनीची जागाच नाही, त्यामुळे तो खर्च साध्या टायरसारखा होणार नाही.

४१ हजारांच्या आकड्यावर रिपोर्टच्या भरवशावर विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यूमध्ये किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात, गाडीच्या इतर मॉड्यूलमध्ये (छोट्या कॉम्प्युटरमध्ये) आणि किल्लीतही साठवलेले असतात. मीटर मागे फिरवणारे बहुतेक जण सगळीकडचे आकडे बदलत नाहीत. चांगला स्कॅनर लावणारा माणूस पंधरा मिनिटांत तफावत काढून देतो. पण त्यासाठी गाडी समोर हवी.

कागदांकडे येऊ. गाडी दिल्लीची का आणि स्वस्त का? तिथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशामुळे आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरल्यामुळे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर टांगती तलवार आली. नंतर त्यात फेरबदल होत राहिले, पण जुन्या गाडीचा भाव तिथे एकदा पडला तो पडलाच. तुमची झेड४ आयात केलेली, पेट्रोलवरची आणि २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये तिला १५ वर्षं होतात. त्याच वर्षी नोंदणीचं नूतनीकरण येतं, त्यासाठी फिटनेस तपासणी होते आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी नूतनीकरणाची फी ४० हजार रुपये आहे. वर पर्यावरण कर. त्याआधी दिल्लीच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) आणायची, इथे नवी मुंबईच्या एमएच ४३ मध्ये नव्याने नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा. आयात गाडीला आपल्याकडे कराचा दर चढा आहे. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण पंधरातली वर्षंच संपत आल्यावर हातात फारसं काही पडत नाही. एजंटच्या साडेचौदात यातलं काही धरलेलं आहे का? तुमच्या पत्रात तरी तसं दिसत नाही.

एनओसी निघेपर्यंत गाडी कुणाच्या नावावर राहणार, हा यापेक्षा मोठा प्रश्न. जुनी पद्धत अशी की मालकाकडून ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि तेच ओपन पेपर या हातातून त्या हातात फिरवायचे. गाडी तीन जणांना विकली जाते, आरसीवर मात्र पहिल्याचंच नाव. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकाचीच, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे शहाणा मालक ओपन पेपर देऊन गप्प बसत नाही. पोलिसात अर्ज देतो, गाडी ब्लॅकलिस्ट करून घेतो, आणि मग घेणाऱ्याची ट्रान्सफर अडकते. १ एप्रिल २०२३ पासून यासाठी नियम आहे. जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या डीलरने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना ऑनलाइन फॉर्म २९सी मधून द्यायची. ती दिली की गाडीची जबाबदारी डीलरवर येते. तुमच्या तुर्भ्यातल्या ओळखीच्या माणसाला एवढंच विचारा: अधिकारपत्र आहे का? असेल तर त्याची प्रत पाठवायला त्याला दोन मिनिटं लागतील.

आणि दोन लाख रोख का? आयकर कायद्यात २०१७ पासून तरतूद आहे की एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायची नाही. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. जीएसटी भरणारा डीलर आपल्या मार्जिनवर १८ टक्के कर भरतो आणि तुम्हाला बिल देतो. रोख मागणारा बिल देणार नाही. बिल नसेल तर उद्या ग्राहक आयोगात जाताना तुमच्या हातात व्हॉट्सॲपच्या चॅटशिवाय काही नसेल.

पाण्याबद्दलही लिहायला हवं, कारण गाडी दिल्लीची आहे. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पूर आला की हजारो गाड्या विम्यात टोटल लॉस होतात. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, भंगार लिलावात विकली जाते, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. २००५ च्या २६ जुलैनंतर आपल्याकडेही हे झालं. तुमची गाडी त्यातली असेलच असं नाही. पण कुठलीही जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाल तेव्हा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटापर्यंत. वरचा पट्टा लोक धुतात, रिळावर गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखाली हात घालून रुळांचे स्क्रू चाचपा, डिकीतलं कार्पेट उचला. गाडीच्या नंबरवर जुन्या विमा क्लेमची चौकशी करा.

पुढच्या कुठल्याही झेड४ साठी म्हणून इंजिनबद्दल थोडं. ३५आय मध्ये तीन लिटरचं, दोन टर्बोचं, सहा सिलिंडरचं इंजिन आहे. चालवायला अप्रतिम. त्याची दुखणीही सगळ्यांना माहीत आहेत: हाय प्रेशर फ्युएल पंप, इंजेक्टर, विजेवर चालणारा वॉटर पंप, ऑइल फिल्टर हाउसिंगची गळती, टर्बोच्या वेस्टगेटचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट. म्हणून इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, मी यायच्या आधी गाडी चालू करायची नाही. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत या. गाडी सुरू झाली की पहिल्या मिनिटाचा आवाज ऐका, मग महापे-शिळफाटा चढावर न्या आणि गिअर बदलताना झटका येतो का बघा. छत उघडा, मिटा, पुन्हा उघडा. सोबत फक्त जर्मन गाड्यांचं काम करणारा मेकॅनिक आणि रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्या. मीटर ॲल्युमिनियमवर चालणारं हवं. स्पोर्ट्स गाड्यांचे काही भाग ॲल्युमिनियमचे असतात, आणि नुसतं लोखंडावर चालणारं मीटर तिथे काही सांगत नाही.

पर्सनल लोनचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत नाही असंच आहे. एवढ्या जुन्या गाडीला बँका सहसा गाडीचं कर्ज देत नाहीत. त्यामागे त्यांचा हिशेब आहे, तो आपणही पाळावा. ज्या गाडीच्या पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी किमतीच्या निदान चौथा हिस्सा बाजूला ठेवायला हवा, तिच्यासाठी खिसा रिकामा करून वर साडेसहा-सात लाखांच्या कर्जाचा हप्ता लावून घेऊ नका. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, आई-वडील उतारवयाकडे आहेत. वॉटर पंप आणि दवाखान्याचं बिल एकाच महिन्यात येऊ शकतं.

मग इच्छेचं काय? ती सोडा असं मी म्हणणार नाही. सकाळी साडेसहाला पामबीच रोडवर छत उघडून निवांत जाणं, अटल सेतूवर शंभरच्या मर्यादेत समुद्रावरून जाणं, हा आनंद खरा आहे आणि स्वतःच्या कष्टाच्या पैशातून तो घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त वर्ष-दीड वर्ष थांबा. तोवर दर महिन्याला बाजूला टाकत राहिलात तर आठाचे बारा-तेरा लाख होतील. मग एमएच पासिंगची, शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाची गाडी शोधा, जिचा चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सगळी हिस्टरी बघता येईल. झेड४ ऐवजी मर्सिडीज एसएलके बजेटमध्ये बसली तर तीही बघा. भाव दोन लाखांनी जास्त वाटेल. ते दोन लाख तुम्ही गाडी डोळ्यांनी बघण्यासाठी, मालकाशी बोलण्यासाठी आणि आरटीओत त्याच्या शेजारी उभं राहण्यासाठी देताय. माझ्या मते ते वाया जात नाहीत.

लिलावातूनच घ्यायची असेल तर तुम्हाला स्वतःच्या नावाने भाग घेता येईल असा लिलाव निवडा. कर्ज थकल्यावर बँकांनी ओढून नेलेल्या गाड्या त्या जाहीर लिलावात काढतात. अनामत रक्कम बँकेतून भरायची, ठरलेल्या दिवशी यार्डात जाऊन गाडी बघायची आणि मग बोली लावायची. तिथेही गाडी 'आहे तशी, आहे तिथे' मिळते, बऱ्याचदा एकच किल्ली असते आणि महिनोन्महिने उन्हापावसात उभी राहिलेली असते. पण विकणारी बँक असते, पावती तुमच्या नावावर येते. बोलीआधी तीन गोष्टी बँकेकडून लेखी घ्या: कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कधी मिळेल, आरसी मूळ आहे की बँकेने फॉर्म ३६ वर स्वतःच्या नावाची काढलीय, आणि यार्डाचं पार्किंग भाडं कुणी भरायचं. थकलेली ई-चलानं परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून तुम्हीच बघा. दिल्लीच्या गाडीवर ती पुष्कळ असू शकतात.

वडिलांना हा लेख दाखवा. त्यांचा विरोध गाडीला आहे की या व्यवहाराला, हे एकदा शांतपणे विचारा. व्यवहाराला असेल तर ते आणि मी एका बाजूला आहोत. आणि पत्नीचं वाक्य या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात शहाणं वाटलं. पुढे कुठलीही गाडी घ्याल तेव्हा तीच अट ठेवा. टोकन बँकेतून, तेही २५ हजारांच्या आत. मोठी रक्कम एनओसी आणि सही केलेले फॉर्म हातात आल्यावर. शेवटचा हिस्सा आरसीवर तुमचं नाव दिसल्यावर. मालक तयार नसेल तर दुसरी गाडी बघा. गाडीची मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकतो.

एजंट ओळखीचा आहे, त्याच्याशी वाकडं घ्यायची गरज नाही. आज रात्री त्याला एवढाच मेसेज पाठवा: "दादा, रविवारची बोली माझ्यासाठी लावू नका. पुढे एमएच पासिंगची, इथे समोर बघता येईल अशी गाडी आली तर कळवा. डीलरचं अधिकारपत्र, जीएसटीचं बिल आणि पैसे बँकेतून, एवढं असेल तर मी लगेच येतो." त्याचं उत्तर काय आलं ते मला जरूर लिहा.